फ्लूच्या लसीनंतरची प्रतिपिंडे मोजताना: रक्ताच्या नमुन्यापासून टायटरपर्यंत

फ्लूची लस घेतल्यावर माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे वाढली का, या प्रश्नाचं उत्तर ४०, ८०, १६० अशा सुटसुटीत आकड्यांत मिळतं. पण हा आकडा, म्हणजे टायटर (सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातला वरचा द्रव, किती पट पातळ केलं तरी प्रतिपिंडे विषाणूला अडवतात ते सांगणारा), रक्तातल्या साखरेसारखा नाही. साखर कुठल्याही चांगल्या यंत्रावर मोजली तरी साधारण तेवढीच निघते. टायटर हा सीरम, विषाणू आणि कुठल्यातरी पक्ष्याच्या किंवा प्राण्याच्या लाल पेशी यांच्यातल्या ओढाताणीचा निकाल असतो. त्यातला एक गडी बदलला की निकाल बदलतो. एकाच सीरमचे दोन प्रयोगशाळांतले आकडे चौपट वेगळे येऊ शकतात आणि चूक दोघींचीही नसते. म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्यांचा हेतू एकच आहे: लसीआधीचा आणि लसीनंतरचा आकडा शेजारीशेजारी ठेवण्याच्या लायकीचे व्हावेत.

लेखातला मोठा भाग मी हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन चाचणीला दिला आहे. प्रयोगशाळेत तिला सगळे एचआयच म्हणतात. जॉर्ज हर्स्ट यांना १९४१ मध्ये दिसलं की फ्लूचा विषाणू कोंबडीच्या लाल पेशींना एकमेकींना चिकटवतो आणि प्रतिपिंडे असलेलं सीरम घातलं की हे चिकटणं थांबतं. इतक्या वर्षांनीही लसीच्या चाचण्यांत पहिली विचारणा याच चाचणीची होते.

रक्त कधी आणि कसं घ्यायचं

नमुने दोन लागतात. पहिला लस टोचण्याआधी, त्याच दिवशी. दुसरा २१ किंवा २८ दिवसांनी. यातला कुठलाही दिवस निवडा, पण एका अभ्यासात सगळ्यांना तोच ठेवा. पहिला नमुना राहून गेला तर दुसऱ्याची किंमत निम्म्याहून कमी होते. फ्लू आयुष्यात अनेकदा भेटलेला असतो, त्यामुळे प्रौढांच्या रक्तात लसीआधीही काही ना काही प्रतिपिंडे असतातच.

रक्त साध्या, गोठू देणाऱ्या नळीत घ्या. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीतला प्लाझ्मा इथे गैरसोयीचा ठरतो, कारण पुढे वापरायच्या एन्झाइमला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तेच पकडून ठेवतं. गोठल्यावर सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं करा, दोन-तीन छोट्या कुप्यांत वाटून उणे २० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून थंड ठेवा. कुप्या वेगळ्या ठेवल्या की तोच नमुना पुन्हापुन्हा वितळवावा लागत नाही. कुपीवर फक्त सांकेतिक क्रमांक लिहा. चाचणीची प्लेट वाचणाऱ्याला लसीआधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे कळता कामा नये. सरावलेला डोळाही अपेक्षेप्रमाणे पाहतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: एका माणसाचे दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावा. लसीआधीचे सगळे नमुने आज आणि नंतरचे सगळे महिन्याने, असं केलंत तर तुम्ही लसीचा परिणाम मोजला की लाल पेशींच्या दोन बाटल्यांतला फरक, हे कोणीच सांगू शकणार नाही.

सीरममधले लबाड घटक काढणं

विषाणूचा हिमॅग्लुटिनिन, म्हणजे त्याच्या अंगावरचं चिकटणारं प्रथिन, लाल पेशीवरच्या सायलिक आम्लाला (एका शर्करेला) धरतो. सीरममधल्या काही प्रथिनांवरही सायलिक आम्ल असतं. ती विषाणूला भुलवतात, विषाणू पेशी सोडून त्यांना चिकटतो आणि आपल्याला वाटतं प्रतिपिंडांनी काम केलं. यावर उपाय म्हणजे आरडीई, म्हणजे कॉलऱ्याच्या जिवाणूपासून मिळणारं एन्झाइम. ते या प्रथिनांवरचं सायलिक आम्ल छाटून टाकतं.

५० मायक्रोलिटर सीरममध्ये १५० मायक्रोलिटर आरडीई घाला आणि ३७ अंशांवर रात्रभर, १८ ते २० तास, ठेवा. सकाळी ५६ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटं. ही दुसरी पायरी घाईत उरकू नका. आरडीई जिवंत राहिलं तर पुढे लाल पेशींवरचंच सायलिक आम्ल खाईल, विषाणूला धरायला काही उरणार नाही आणि प्रत्येक सीरम दमदार असल्याचा भास होईल. थंड झाल्यावर ३०० मायक्रोलिटर सलाइन घाला. एकूण ५०० मायक्रोलिटर झाले, म्हणजे सीरम दहापट पातळ झालं. एचआयचे आकडे १० पासून सुरू होतात ते यामुळे.

काही सीरम विषाणू नसतानाही लाल पेशींना गोळा करतात. हे ओळखायला प्रत्येक सीरमसाठी एक खळगा विषाणूशिवाय लावायचा. (९६ खळग्यांच्या प्लेटमधल्या खळग्याला प्रयोगशाळेत वेल म्हणतात.) असं सीरम सापडलं तर २० भाग सीरमला १ भाग घट्ट बसवलेल्या लाल पेशी मिसळून ४ अंशांवर तासभर ठेवा, मधूनमधून हलवा, पेशी खाली बसवून वरचं सीरम घ्या. चाचणीत ज्या प्राण्याच्या पेशी वापरणार, त्याच इथेही वापरायच्या.

लाल पेशी कोणाच्या?

माणसांत फिरणारे फ्लूचे विषाणू सायलिक आम्लाची अल्फा-२,६ जोडणी पसंत करतात, पक्ष्यांमधले अल्फा-२,३. टर्की आणि गिनीपिग यांच्या लाल पेशींवर पहिल्या प्रकारची जोडणी भरपूर असते, म्हणून हंगामी फ्लूसाठी त्या सोयीच्या. घोड्याच्या पेशींवर दुसरी जोडणी जास्त, त्यामुळे एच५एन१सारख्या पक्ष्यांकडून आलेल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे मोजताना त्या उपयोगी पडतात.

प्राण्याचं रक्त आल्सेव्हर द्रावणात (ते रक्त गोठू देत नाही) येतं. ते फॉस्फेट बफर सलाइनने, म्हणजे पीबीएसने, तीनदा धुवा. शेवटच्या धुण्यात वरचं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. लालसर असेल तर पेशी फुटत आहेत, बाटली टाकून द्या. मी एकदा आठवड्याअखेरची काटकसर म्हणून अशीच थकलेली बाटली वापरली आणि सोमवारी सगळ्या प्लेटा पुन्हा लावल्या. कोंबडी आणि टर्कीच्या पेशी ०.५ टक्के घ्या, म्हणजे १०० मिलिलिटर पीबीएसमध्ये अर्धा मिलिलिटर घट्ट पेशी. गिनीपिगच्या किंवा माणसाच्या ओ गटाच्या पेशी ०.७५ टक्के. पक्ष्यांच्या पेशींत केंद्रक असल्याने त्या जड असतात आणि अर्ध्या तासात तळाशी बसतात. त्यांना व्ही आकाराच्या तळाची प्लेट. सस्तन प्राण्यांच्या पेशींना यू आकाराची प्लेट आणि एक तास द्या.

विषाणूची मात्रा: इथे सगळं ठरतं

एचआयमध्ये प्रत्येक खळग्यात २५ मायक्रोलिटरमध्ये ४ हिमॅग्लुटिनेशन एकक एवढा विषाणू जायला हवा (एक एकक म्हणजे लाल पेशी पूर्ण चिकटवायला पुरणारा कमीत कमी विषाणू). विषाणू दुप्पट पडला तर सगळे टायटर साधारण एका पायरीने घसरतात, निम्मा पडला तर चढतात. लस तीच, माणसं तीच, पण निकाल वेगळा.

आधी विषाणूची ताकद मोजा. पहिल्या खळग्यात १०० मायक्रोलिटर विषाणू, पुढच्या सगळ्यांत ५० मायक्रोलिटर पीबीएस. ५० मायक्रोलिटर पुढे पुढे सरकवत दुपटीने पातळ करत जा, शेवटच्या खळग्यातले ५० टाकून द्या. मग प्रत्येकात ५० मायक्रोलिटर लाल पेशी. ज्या शेवटच्या खळग्यात पेशी पूर्ण चिकटलेल्या दिसतात, तिथे ५० मायक्रोलिटरमध्ये १ एकक आहे. समजा तो खळगा १:१२८ चा निघाला. आपल्याला २५ मायक्रोलिटरला ४, म्हणजे ५० ला ८ एकक हवेत. १२८ ला ८ ने भागा: १६. विषाणू १:१६ पातळ करायचा.

यावर विश्वास ठेवून थेट पुढे जाऊ नका. पातळ केलेला विषाणू पुन्हा तसाच मोजा. याला उलट टायट्रेशन म्हणतात. पहिल्या खळग्यात ८, मग ४, २, १: चार खळगे चिकटलेले आणि पाचवा मोकळा दिसला पाहिजे. पाच दिसले तर तेवढंच पीबीएस घालून मात्रा निम्मी करा. तीनच दिसले तर विषाणू वाढवा आणि पुन्हा तपासा. नवख्या माणसाला ही पायरी वेळखाऊ वाटते, आणि गडबडलेल्या प्लेटांची चौकशी केली की बहुतेक वेळा हीच गाळलेली सापडते.

प्लेट लावणं आणि वाचणं

प्रत्येक सीरमला एक उभा स्तंभ, ए ते एच. वरच्या खळग्यात ५० मायक्रोलिटर तयार सीरम, खालच्या सातांत २५ मायक्रोलिटर पीबीएस. २५ मायक्रोलिटर खाली खाली सरकवा, शेवटचे २५ फेकून द्या. झाली १० पासून १२८० पर्यंतची दुपटीची शिडी. प्रत्येकात २५ मायक्रोलिटर विषाणू, प्लेट हलकेच थोपटून खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं. नंतर ५० मायक्रोलिटर लाल पेशी. त्या बसेपर्यंत प्लेटला हात लावू नका आणि शेजारी सेंट्रिफ्यूज सुरू असेल तर टेबल बदला.

सोबत हे नियंत्रण खळगे हवेतच: फक्त पेशी, फक्त विषाणू आणि पेशी, विषाणूशिवाय सीरम, टायटर आधीच माहीत असलेलं एक सीरम आणि प्रतिपिंडे नसलेलं एक.

वाचताना दोन चित्रं दिसतात. विषाणूने पेशी चिकटवल्या असतील तर खळग्याच्या तळावर पातळ जाळी पसरते. प्रतिपिंडांनी विषाणू अडवला असेल तर पेशी घरंगळून मधोमध लाल टिकली होते. पण नुसत्या टिकलीवर जाऊ नका. प्लेट तिरकी धरा: मोकळ्या पेशींची टिकली अश्रूसारखी ओघळते, चिकटलेल्या पेशी ओघळत नाहीत. ‘फक्त पेशी’च्या खळग्यातली धार जेवढी उतरते, तेवढीच धार जिथे उतरते तिथेच पूर्ण अडवणूक धरायची. अर्धवट ओघळ मोजू नका. टायटर म्हणजे पूर्ण अडवणूक दाखवणाऱ्या शेवटच्या खळग्याचा आकडा.

पेशी बसल्या की लगेच वाचा. विषाणूच्या अंगावर न्यूरामिनिडेजही (एक एन्झाइम) असतो. तो सायलिक आम्ल कापत राहतो, जाळी सुटते आणि उशिरा पाहणाऱ्याला नसलेल्या टिकल्या दिसतात.

प्रत्येक सीरम दोनदा लावा. दोन वाचनांत एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा, फरक या चाचणीला माफ असतो. त्याहून जास्त असेल तर नमुना पुन्हा लावायचा. बरा वाटणारा आकडा निवडायचा नाही.

एच३एन२ आणि बी: नेहमीची डोकेदुखी

वरची पद्धत फ्लूच्या एच१एन१ या उपप्रकारासाठी सहसा सुरळीत चालते. एच३एन२चं तसं नाही. गेल्या काही दशकांत या विषाणूंची लाल पेशी धरण्याची ताकद कमी होत गेली. २०१४ च्या सुमारास पसरलेल्या ३सी.२ए गटातले कित्येक विषाणू तर पेशींना नीट चिकटवतच नाहीत. काही न्यूरामिनिडेजच्या आधाराने पेशीला धरतात, आणि हिमॅग्लुटिनिनविरुद्धची प्रतिपिंडे ही पकड मोडू शकत नाहीत. म्हणून गिनीपिगच्या पेशी वापरून २० नॅनोमोलर ओसेल्टामिव्हिर कार्बोक्सिलेट, म्हणजे न्यूरामिनिडेज रोखणारं फ्लूचं औषध, घालतात. त्याने न्यूरामिनिडेजची पकड सुटते आणि हिमॅग्लुटिनिन काय करतो तेवढंच दिसतं. विषाणूची मात्राही याच औषधासोबत मोजायची, नाहीतर हिशोब जुळत नाही. कार्बोक्सिलेट हा शब्द विसरू नका: गोळीतलं ओसेल्टामिव्हिर फॉस्फेट शरीरात गेल्यावर सक्रिय होतं, प्लेटमध्ये ते तसंच बसून राहील.

दुसरा सापळा अंड्याचा. लसीचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवला की अंड्याला सरावताना हिमॅग्लुटिनिन बदलू शकतो. ३सी.२ए गटात १६० व्या जागेजवळ एक शर्करासाखळी असते, अंड्यात वाढलेल्या विषाणूत ती हरवते. अंड्यात वाढलेला विषाणू प्लेटवर वापरला तर लस झकास दिसते, कारण लसही त्याच साच्यातली. पेशीसंवर्धनात वाढवलेला, रस्त्यावरच्या विषाणूशी मिळताजुळता विषाणू वापरला की आकडे खाली येऊ शकतात. दोन्ही मोजा आणि दोन्ही छापा, असं माझं मत.

फ्लूच्या बी प्रकारच्या विषाणूंसाठी एचआय मुळात कमी संवेदनशील आहे. ईथरने फोडलेला विषाणू वापरला तर संवेदनशीलता वाढते, पण मग ते आकडे अखंड विषाणूच्या आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत. बी विषाणूंच्या दोन वंशांपैकी बी-यामागाता वंशाचा नैसर्गिक प्रसार मार्च २०२० नंतर खात्रीशीरपणे आढळलेला नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये तो घटक लसीत आता गरजेचा नसल्याचं सांगितलं. त्यामुळे नव्या अभ्यासात सहसा दुसरा वंश, बी-व्हिक्टोरिया, पुरतो.

मायक्रोन्यूट्रलायझेशन

एचआय फक्त लाल पेशीला चिकटणं थांबलं का ते सांगते. संसर्ग थांबला का, हे पाहायला जिवंत पेशी आणि जिवंत विषाणू लागतात. हंगामी फ्लूसाठी जैवसुरक्षा पातळी २ पुरते, एच५एन१सारख्या जिवंत विषाणूंना पातळी ३ लागते. ती सोय नसेल तर हिमॅग्लुटिनिन मिरवणारा पण आजार न करणारा छद्मविषाणू वापरता येतो.

सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवा आणि १:१० पासून दुपटीने पातळ करा. ५० मायक्रोलिटर सीरमला ५० मायक्रोलिटर विषाणू, त्यात १०० टीसीआयडी-५० एवढी मात्रा (एक टीसीआयडी-५० म्हणजे पेशींच्या निम्म्या खळग्यांत संसर्ग घडवणारा विषाणू). ३७ अंशांवर एक तास. मग प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटरमधून सुमारे १५,००० एमडीसीके पेशी (या मूळच्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या). विषाणू पातळ करण्याच्या द्रावणात वासराचं सीरम घालू नका, त्यातही अडथळा आणणारे घटक असतात. बोव्हाइन अल्ब्युमिन वापरा.

१८ ते २० तासांनी पेशी धुऊन थंड ८० टक्के ॲसिटोनने १० मिनिटं स्थिर करा. मग विषाणूच्या न्यूक्लिओप्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड, त्यावर एन्झाइम जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, मग रंग. रंग जितका गडद तितका संसर्ग जास्त. सीमारेषा प्रत्येक प्लेटची स्वतःची असते: फक्त विषाणू असलेल्या खळग्यांची सरासरी आणि फक्त पेशी असलेल्यांची सरासरी यांच्या बरोबर मधली. समजा विषाणूची १.६० आणि पेशींची ०.१०. फरकाचा अर्धा ०.७५, त्यात ०.१० मिळवले की ०.८५. ज्या शेवटच्या पातळीवर वाचन याच्या खाली आहे, तो टायटर. इथेही उलट टायट्रेशन हवंच. मात्रा ५० ते २०० टीसीआयडी-५० च्या बाहेर गेली तर प्लेट रद्द.

एचआयला दाद न देणाऱ्या एच३एन२साठी मी सरळ ही चाचणी लावेन. वेळ आणि श्रम जास्त, पण ओसेल्टामिव्हिरच्या कसरतीपेक्षा निकाल समजायला सोपा.

बाकीच्या पद्धती

न्यूरामिनिडेजविरुद्धची प्रतिपिंडेही संरक्षण देतात, तरी त्यांच्याकडे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं. एक कारण लसीतच आहे: नेहमीच्या निष्क्रिय लसीत दर घटकाला हिमॅग्लुटिनिन १५ मायक्रोग्रॅम असा नेमून दिलेला असतो, न्यूरामिनिडेजचं प्रमाण नेमलेलं नसतं. त्यांच्यासाठी एला ही चाचणी. प्लेटवर फेट्युइन नावाचं, सायलिक आम्लाने झाकलेलं प्रथिन लावतात. न्यूरामिनिडेजने सायलिक आम्ल कापलं की खालची गॅलॅक्टोज उघडी पडते आणि तिला शेंगदाण्याचं लेक्टिन (शर्करेला धरणारं प्रथिन) चिकटून रंग देतं. प्रतिपिंडांनी एन्झाइम अडवलं तर रंग कमी. यासाठी एच६सारखा, माणसांना सहसा न भेटलेला हिमॅग्लुटिनिन बसवलेला संकरित विषाणू घ्या, नाहीतर हिमॅग्लुटिनिनविरुद्धची प्रतिपिंडे मध्ये येऊन श्रेय लाटतात.

सिंगल रेडियल हिमोलिसिसमध्ये जेलमध्ये विषाणू चढवलेल्या लाल पेशी असतात. सीरम पसरतं, कॉम्प्लिमेंट नावाच्या रक्तातल्या प्रथिनांच्या मदतीने पेशी फुटतात, पारदर्शक वर्तुळ पडतं. २५ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ हे एचआयच्या ४० च्या तोडीचं मानलं जातं. एलायझा ही रंगावर वाचायची चाचणी झटपट होते, पण चिकटणारी सगळी प्रतिपिंडे मोजते, विषाणू अडवणारी वेगळी दाखवत नाही. नाकात फवारायच्या जिवंत लसीसाठी मात्र नाकातल्या स्रावातलं आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) एलायझाने मोजणं शहाणपणाचं. त्या लसीनंतर रक्तातला एचआय फारसा न वाढताही संरक्षण मिळू शकतं.

आकडेमोड

टायटर दुपटीने चढतात, म्हणून त्यांची साधी सरासरी काढायची नाही. लॉगरिदम घेऊन गुणोत्तर सरासरी काढायची. १० पेक्षा कमी असलेला टायटर ५ धरतात.

बनवलेलं उदाहरण पाहू. पाच माणसांचे लसीआधीचे टायटर: १० पेक्षा कमी, १०, २०, ४०, ८०. लसीनंतर त्याच क्रमाने ८०, ४०, १६०, ८०, १६०. आधीची गुणोत्तर सरासरी २०, नंतरची सुमारे ९२, म्हणजे वाढ ४.६ पट. साधी सरासरी ३१ आणि १०४ आली असती आणि वाढ ३.४ पटच वाटली असती.

सेरोकन्व्हर्जन, म्हणजे लसीने टायटर पुरेसा वाढलेल्यांचं प्रमाण, मोजताना नियम असा: आधी १० पेक्षा कमी असेल तर नंतर किमान ४०, आधी १० किंवा जास्त असेल तर किमान चौपट वाढ. पहिले तिघे बसतात, शेवटचे दोघे दुपटीवरच थांबले. म्हणजे ६० टक्के. नंतर ४० किंवा अधिक, म्हणजे संरक्षणाची रूढ मर्यादा गाठलेले मात्र पाचही जण, १०० टक्के. शेवटच्या दोघांचा टायटर आधीपासूनच ४० आणि ८० होता हे न सांगता ‘१०० टक्के संरक्षित’ लिहिणं म्हणजे लसीला फुकटचं श्रेय देणं.

या ४० चा उगम लसीच्या जाहिरातीत नाही. हॉब्सन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम विषाणू देऊन केलेल्या अभ्यासांवरून दाखवलं की १८ ते ३६ च्या आसपास टायटर असलेल्यांत संसर्गाची शक्यता निम्म्यावर येते. पुढे ४० हा गोल आकडा रुळला. तो प्रौढांचा आहे आणि निम्म्या शक्यतेचा आहे. लहान मुलांवरच्या २०११ मधल्या एका अभ्यासात तेवढ्याच संरक्षणासाठी ११० च्या आसपास टायटर लागला. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएच्या २००७ च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांखालच्या प्रौढांसाठी सेरोकन्व्हर्जनच्या ९५ टक्के विश्वासांतराची (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल त्याची) खालची कड किमान ४० टक्के आणि ४० टायटर गाठणाऱ्यांची किमान ७० टक्के असावी असं म्हटलं आहे. ६५ आणि त्यापुढच्यांसाठी हेच आकडे ३० आणि ६०.

अहवालात टायटरच्या शेजारी विषाणूचं पूर्ण नाव, तो अंड्यात वाढवला की पेशींत, लाल पेशी कोणाच्या आणि किती टक्के, ओसेल्टामिव्हिर होतं की नाही, उलट टायट्रेशनचा निकाल आणि संदर्भ सीरमचा त्या दिवशीचा टायटर लिहा. एच१एन१ (२००९) साठी आंतरराष्ट्रीय प्रमाण सीरम उपलब्ध आहे. ते प्रत्येक वेळी सोबत लावलं तर तुमचा १६० आणि दुसऱ्या प्रयोगशाळेचा ४० एकाच मापात बसवून पाहता येतील.